किराण्याची यादी आणि बुधवारचा बाजार

घरातल्या खाण्यापिण्याचा अंदाज घ्यायचा असेल तर रक्ताचा रिपोर्ट नंतर बघावा, आधी महिन्याच्या किराण्याची यादी बघावी. तेल किती लिटर, मिठाचे पुडे किती, साखर किती किलो आणि या तिघांपुढे डाळी-कडधान्यं किती, एवढं वाचलं की त्या स्वयंपाकघरात रोज काय चाललंय ते कळतं. नाशिकमध्ये या यादीला एक जोड असते. बुधवारी गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, भाजीचा बाजार भरतो आणि उरलेलं अर्धं आरोग्य तिथे पिशवीत पडतं किंवा पडत नाही. या दोन जागा सांभाळल्या तर ओट्स, किन्वा आणि कुठल्याशा बिया यांच्यावाचून नाशिककराचं काहीही अडत नाही. पदार्थ बदलायचे नाहीत, मापं बदलायची आहेत.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं मे २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराच्या सूचना नव्यानं प्रसिद्ध केल्या. त्यात दोन हजार कॅलरींचं एक ताट मांडून दाखवलं आहे. दिवसभरात धान्य २५० ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळं १०० ग्रॅम, डाळी-कडधान्यं (किंवा त्यांच्या जागी अंडी-मांस) ८५ ग्रॅम, दाणे आणि तेलबिया ३५ ग्रॅम, दूध ३०० मिलिलिटर आणि तेल-तूप २७ ग्रॅम. हे आकडे एकेकट्यानं वाचले तर कोरडे वाटतात. पण चौघांच्या घराच्या यादीशेजारी ठेवून गुणाकार केला की डोळे उघडतात.

तेलाचंच बघा. २७ ग्रॅम गुणिले चार माणसं गुणिले तीस दिवस, म्हणजे सव्वातीन किलो, साधारण साडेतीन लिटर. यातच घरचं तूप आलं, पावाला लावलेलं लोणी आलं आणि कॉलेज रोडवर उभ्या उभ्या खाल्लेल्या वडापावातलं तेलही आलं. ते वजा केलं तर स्वयंपाकघरासाठी महिन्याला तीन लिटरच्या आसपास उरतं. आता पाच लिटरचा कॅन आपल्याकडे कितव्या तारखेला संपतो ते आठवावं. पंधरा किलोचा डबा घेणाऱ्या घरात तो निदान साडेचार महिने पुरायला हवा. घरात लहान मुलं असतील तर आणखी जास्त.

तेल कमी करा असं सगळेच सांगतात, कसं ते कुणी सांगत नाही. पहिली गोष्ट, कॅन किंवा किटली गॅसजवळ ठेवायची नाही. किटलीतून ओतलेल्या तेलाला माप नसतं, ते हाताच्या सवयीनं पडतं. छोट्या बरणीत चमचा घालून ठेवावा. चहाचा एक चमचा म्हणजे पाच मिलिलिटर, तेव्हा दिवसाचा वाटा माणशी सहा चमचे. कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’नं १९७० मध्ये वाटी-चमच्यांच्या मापानं स्वयंपाक शिकवला, म्हणून ती नव्या नवरीच्या हातीही यशस्वी झाली. तेलाच्या बाबतीत मात्र आपण अजून अंदाजपंचेच आहोत.

चौघांच्या भाजीला चार चमचे तेल सहज पुरतं, फक्त फोडणीनंतरची रीत बदलावी लागते. मोहरी तडतडली, हिंग-हळद पडली, कांदा गेला की त्यावर चिमूटभर मीठ टाकायचं. मिठानं कांद्याला पाणी सुटतं आणि तो करपत नाही. मग भाजी घालून कढईवर खोलगट ताटली ठेवायची आणि त्या ताटलीत पाणी ओतायचं. ही आज्यांची जुनी रीत. वर पाणी असल्यामुळे ताटली थंड राहते, आतली वाफ तिला लागून पुन्हा पाणी होऊन भाजीवर पडते, भाजी तळाला लागत नाही आणि ‘लागू नये म्हणून’ घातलेलं जास्तीचं तेल वाचतं. लागलंच तर ताटलीतलं गरम झालेलं पाणी भाजीत ओतायचं. नॉनस्टिक भांड्यांच्या जाहिरातींत जे सांगतात ते ही ताटली फुकटात करते. दाण्याचा कूट घालायची भाजी असेल तर तेल आणखी निम्मं करावं, कारण शेंगदाण्याच्या वजनात जवळपास निम्मं तेलच असतं.

आता मिसळ. नाशिकमध्ये राहून आरोग्यावर लिहायचं आणि मिसळीला बगल द्यायची, हे जमणार नाही. रविवारी सकाळी गंगापूर रोडच्या बाजूला गाड्यांच्या रांगा लागतात, त्या वाटीतला मूळ पदार्थ खरं तर कुठल्याही आहारतज्ज्ञानं शाबासकी द्यावी असा आहे. मोड आलेली मटकी. कोरड्या मटकीत शेकडा वीसच्या आसपास प्रथिनं असतात. ती रात्रभर भिजवून फडक्यात बांधली की दाणा उगवायच्या तयारीला लागतो. लोह आणि जस्त धरून ठेवणारं फायटिक आम्ल कमी होतं, पोटात वायू करणाऱ्या शर्करा कमी होतात आणि कोरड्या दाण्यात जवळजवळ नसलेलं क जीवनसत्त्व तयार होऊ लागतं. मोड आलेलं कडधान्य कच्चं खाण्याची टूम निघाली आहे, तिच्या नादी लागू नये. कच्च्या कडधान्यांत प्रथिनांचं पचन अडवणारे घटक असतात आणि ते उष्णतेनं निकामी होतात. शिवाय उबदार ओलाव्यात मोडांबरोबर जिवाणूही वाढतात. एक चांगली वाफ दोन्हींचा बंदोबस्त करते. कडधान्यांतल्या प्रथिनांवर मुंबईत बसून संशोधन करणाऱ्या डॉ. कमला सोहोनी यांनी ‘आहार-गाथा’ लिहून हे शास्त्र मराठी घरांपर्यंत आणलं, त्यालाही आता बरीच वर्षं झाली.

मिसळीचं बिघडतं ते मटकीच्या वर. तिखटाचा लाल रंग पाण्यात नव्हे, तेलात उतरतो, म्हणून तर्री लाल दिसायची तर तेल तरंगलंच पाहिजे. मात्र चव तर्रीखालच्या रश्श्यात असते. भाजलेला कांदा, सुकं खोबरं, लसूण, काळा मसाला, सगळं तिथे. घरी मिसळ करताना वाटण तेलात परतण्याऐवजी कांदा थेट आचेवर आणि खोबरं कोरड्या तव्यावर भाजून घ्यावं, शिजलेल्या मटकीतली मूठभर वाटून रश्श्याला दाटपणा आणावा. तर्री वाटीत वेगळी, ज्याला हवी त्याला चमचाभर. फरसाण चवीपुरतं, उसळ भरपूर. कच्चा कांदा, कोथिंबीर आणि लिंबू मात्र हात न आखडता, कारण लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळे मटकीतलं लोह अंगी लागतं. नाशिकच्या मिसळीबरोबर पापड येतोच, तो घरी भाजावा. पाव एकच घ्यावा आणि पुढची भूक बाजरीच्या भाकरीवर भागवावी. रश्श्यात भाकरी कुस्करून खाणाऱ्याला पावाची आठवणही येत नाही, हे माझं ठाम मत आहे. मिसळीत ओट्स घालणाऱ्यांशी मात्र चर्चा संभवत नाही.

बाहेरच्या तळणाचं एक वेगळं दुखणं आहे. तेच तेल पुन्हा पुन्हा तापलं की त्यात तुटलेले, जड झालेले घटक साठत जातात. अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणानं १ जुलै २०१८ पासून यासाठी मर्यादा घातली. तळणाच्या तेलात असे ध्रुवीय घटक शेकडा पंचविसांच्या वर गेले की ते खाण्यासाठी वापरायचं नाही. घरी हे मोजायचं यंत्र नसतं, तेव्हा लहान कढईत थोडंच तेल घेऊन दोन वेळा तळावं. उरलेलं गाळून दोन दिवसांत फोडणीला संपवावं. पुन्हा तळणाला घेऊ नये. तेलाला फेस येत असेल, ते काळपट, चिकट झालं असेल किंवा लवकर धुरावत असेल, तर जिवावर आलं तरी टाकावं.

मिठाचा गुणाकार आणखी बोलका आहे. दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा. चौघांसाठी महिन्याला सहाशे ग्रॅम. थोडक्यात, किलोचा पुडा महिना उलटला तरी संपायला नको, आणि तो संपत असताना पापड, लोणचं, चिवडा, शेव, सॉस यांतलं मीठ तर आपण धरलेलंच नाही. पापडात मिठाबरोबर पापडखार असतो, त्यातही सोडियमच. नाशिकचा चिवडा पाहुण्यांना किलोकिलोनं बांधून देण्याची आपली पद्धत आहे, ती चालू राहू द्या. स्वतःच्या घरी मात्र डबा टेबलावर उघडा ठेवू नका. सैंधव मीठ वापरलं म्हणून सूट मिळत नाही, तेही सोडियम क्लोराईडच. शिवाय त्यात बहुधा आयोडीन घातलेलं नसतं. मीठ कमी करण्याचा सोपा मार्ग म्हणजे कणकेत आणि भातात ते घालणं थांबवणं. सोबत भाजी-आमटी असतेच, आठवडाभरात जिभेला फरक कळेनासा होतो. आमटीत आमसूल, चिंच किंवा शेवटी लिंबू असेल तर मीठ थोडं कमी पडलेलं कुणाच्या लक्षात येत नाही.

साखरेबद्दल लांबण लावत नाही. दिवसाला २० ते २५ ग्रॅम ही वरची मर्यादा धरावी. दोन चमचे साखरेचे तीन कप चहा झाले की ती तिथेच संपते. गूळ हीसुद्धा साखरच. चहाची वेळ मात्र सांभाळावी. जेवल्यावर लगेच घेतलेल्या चहातले टॅनिन पालेभाजीतलं आणि बाजरीतलं लोह अडवतात, म्हणून जेवणाआधी आणि नंतर तासभर चहा नको, असं पोषण संस्थाही सांगते. ही बारीकसारीक बाब नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायकांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळलं होतं. दुपारी सगळ्यांची जेवणं आटोपली की ओट्याशी उभं राहून शेवटची पोळी आणि लगेच कपभर चहा, हा क्रम कित्येक घरांत रोजचा आहे. चहा चारला घेतला तर पैसा लागत नाही. भाजी लोखंडी कढईत करणं आणि भाकरी लोखंडी तव्यावर भाजणं याचाही हातभार लागतो, विशेषतः टोमॅटो-चिंचेसारखं आंबट त्यात शिजत असेल तर. (पितळी पातेल्याला मात्र कल्हई नसेल तर त्यात आंबट काही करू नये. भांडी बाजारातून हौसेनं आणलेल्या पितळेबद्दल हे सांगायला हवं.)

धान्याच्या बाबतीत नाशिक जिल्ह्याइतका श्रीमंत जिल्हा विरळा. पश्चिमेला इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा या घाटाच्या तालुक्यांत नागली, वरई आणि भात, पूर्वेला सिन्नर, येवला, नांदगावकडे बाजरी. २०२३ हे वर्ष भारताच्या प्रस्तावावरून जगभर भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं झालं, तेव्हा शहरातल्या दुकानांत नागलीची बिस्किटं दिसू लागली. बिस्किटात मैदा, साखर आणि वनस्पती तूप किती हे पाकिटामागे वाचावं. नागली खायची तर भाकरी, आंबील किंवा पापडीच्या चिकाच्या रूपात खावी. शंभर ग्रॅम नागलीत साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तेवढ्याच गाईच्या दुधात एकशेवीसच्या आसपास. ही तुलना सगळीकडे फिरते, पण अर्धीच. नागलीतलं सगळं कॅल्शियम अंगी लागत नाही, तिच्यातलं फायटिक आम्ल आडवं येतं. म्हणूनच बाळासाठी नागली भिजवून, मोड आणून, वाळवून तिचं सत्त्व काढण्याची रीत पडली असावी, आणि आंबील रात्रभर आंबवण्याची सुद्धा. दोन्हींत आम्लाचा जोर कमी होतो.

आणखी एक गैरसमज. मधुमेह असलेल्यांना ‘भाकरी कितीही चालते’ असं सांगितलं जातं. चालत नाही. भाकरीतही पिष्टच असतं आणि नागलीची पातळ, गुळगुळीत पेज तर रक्तातली साखर बऱ्यापैकी भरभर चढवते. दोनाच्या जागी एक भाकरी, सोबत वाटीभर घट्ट पिठलं किंवा उसळ आणि ताटाचा अर्धा भाग भाजी-कोशिंबीर, असा हिशेब धरला तर भाकरीचा फायदा होतो.

भाकरी येत नाही अशी तक्रार नव्या घरांतून ऐकू येते. बाजरी-नागलीत गव्हासारखा ग्लुटेनचा चिकटपणा नसतो, म्हणून गार पाण्यात मळलेलं पीठ थापताना चिरतं. पाणी चांगलं उकळून त्यात पीठ घालायचं, झाकण ठेवून उकड काढायची आणि कोमट असताना भरपूर मळायचं. गरम पाण्यानं पिष्ट फुगून तोच चिकटपणा देतं. सुरुवातीला पोळीसारखी लाटली तरी कुणी नावं ठेवत नाही. बाजरीचं दळण मात्र आठवड्यापुरतंच आणावं. बाजरीत इतर धान्यांच्या मानानं स्निग्धांश जास्त आणि तो फोडणारी विकरंही जोरदार, त्यामुळे दळल्यावर थोड्याच दिवसांत पीठ कडू होतं. आणि कडू भाकरी एकदा मुलांच्या तोंडाला लागली की पुन्हा बाजरीचं नाव काढता येत नाही. शेतातून बाजरी मागवत असाल तर ‘धनशक्ती’ वाणाची चौकशी करावी. हैदराबादजवळची इक्रिसॅट आणि राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ यांनी लोह जास्त असलेलं हे वाण महाराष्ट्राला दिलं आहे.

घाटातली आणखी एक चीज म्हणजे खुरासणी, म्हणजे कारळे. सुरगाणा-पेठकडे डोंगरउतारावर तिची पिवळी शेतं दिसतात, इगतपुरीच्या कृषी संशोधन केंद्रानं तिचे सुधारित वाणही काढले. कारळ्याची किंवा जवसाची चटणी रोज चमचाभर ताटात असली तर पोषण संस्थेचे ते दाणे-तेलबियांचे ३५ ग्रॅम भरायला मदत होते. जवस चांगलं भाजून कुटावं, अख्खं गिळलेलं जवस पोटातून तसंच बाहेर जातं. शेंगदाणे निवडताना बुरशीचे, सुरकुतलेले, कडसर दाणे फेकून द्यावेत. त्यातल्या अफ्लाटॉक्सिनला भाजण्यानं पुरतं मारता येत नाही.

आणि आता बुधवारचा बाजार. माणशी चारशे ग्रॅम भाजी म्हणजे चौघांना रोज एक किलो सहाशे, आठवड्याला अकरा किलो. हा आकडा ऐकून हसू येतं, कारण आपण भाजी पोळीबरोबर लावून खायची वस्तू समजतो. पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीत टोमॅटोचे क्रेट कधी कधी मातीमोल भावानं जातात, लासलगावचा कांदा देशभर जातो, आणि त्याच जिल्ह्यातल्या ताटात दोन चमचे बटाट्याची भाजी असते. हे अंतर सुक्या भाजीनं भरून निघणार नाही, तिला तेल लागतं. ते कोशिंबिरी, पातळ पालेभाज्या आणि आमटीत पडणाऱ्या भाज्यांनी भरेल. चाकवत, चुका, पोकळा, शेपू यांतली एक जुडी डाळीबरोबर घोटली की चौघांना अर्धा किलो भाजी कधी गेली ते कळत नाही. काकडी, मुळा, गाजर, टोमॅटो यांची मोठी वाटी जेवणाच्या आधी पुढे ठेवली तर मुलं ती भुकेपोटी खातात. नंतर ठेवली तर नाही.

पालेभाजी आधी धुवावी, मग चिरावी. चिरून पाण्यात टाकली की क जीवनसत्त्व आणि ब गटातली काही जीवनसत्त्वं पाण्याबरोबर मोरीत जातात. उकडून पिळायची गरज पडली तर ते पाणी आमटीला घ्यावं. द्राक्षं मात्र बागेत अनेकदा फवारणी झालेली असतात. निर्यातीच्या मालाचा ‘रेसिड्यू’, म्हणजे फवारणीचा उरलेला अंश, प्रयोगशाळेत तपासला जातो, कोपऱ्यावरच्या हातगाडीचा नाही. वाहत्या पाण्याखाली घड सुटा करून नीट चोळून धुवावा आणि धुतल्यावर लगेच खावा, धुऊन फ्रीजमध्ये ठेवला तर कुजतो. रस काढू नये, चोथ्याबरोबर तंतू जातात आणि उरतं ते साखरेचं पाणी.

पावसाळ्यात त्र्यंबक, हरसूल, पेठकडच्या बाया कर्टोली, कुर्डू, टाकळा, शेवळं घेऊन शहरात येतात. ओळखीची तेवढीच घ्यावी आणि करायची कशी ते त्यांनाच विचारावं, सांगतात त्या आनंदानं. शेवळं काकड या रानफळाशिवाय किंवा चिंचेशिवाय शिजवली तर घशाला खाज सुटते, कारण त्यात ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात.

उपासाचं राहिलंच. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ हे आपण स्वतःबद्दलच म्हणून ठेवलं आहे. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट, प्रथिनं नावापुरती. त्याच्या खिचडीपेक्षा भगर बरी, आणि भगरीच्या गिरण्या तर नाशिकच्याच, देशभर माल इथून जातो. पण नवरात्रात आणि महाशिवरात्रीला भगरीतून विषबाधेच्या बातम्या महाराष्ट्रात दरवर्षी कुठून तरी येतातच. कारण बहुधा एकच असतं, ओल लागलेल्या जुन्या भगरीवर, विशेषतः तिच्या पिठावर, धरलेली बुरशी. तिचं विष शिजवून जाईलच असं नाही. म्हणून सुटं पीठ विकत आणू नये. तारीख असलेली पाकीटबंद भगर आणावी, निवडून, धुऊन, वाळवून लागेल तेवढीच घरी दळावी. वास कुबट आला तर मोह धरू नये. उपास सुटल्यावर उरलेली भगर डब्याच्या तळाशी ठेवून पुढच्या एकादशीची वाट बघू नये, दुसऱ्या दिवशी मुगाची डाळ, मूठभर मेथी आणि लसूण घालून तिची मऊ खिचडी करावी, वर तुपाचा एक चमचा. मोजून.